लोणबले मॅडमची रेघ

आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा लोणबले मॅडमनी भेजाफ्रायची बशी उचलून खिडकीपाशी नेली, चमच्याच्या दांड्यानं मसाला बाजूला सारला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या बायकोला विचारलं,

"शोभाबाई, हे कोनं कापलं?"

"रशीदभाईनं," शोभा घाबरली. "काऊन? खराब आहे काय?"

"खराब नाई हो. थॅलॅमस मधातून कापला त्यानं. इतका चांगला थॅलॅमस होता!"

असं म्हणून त्यांनी तो इतका चांगला थॅलॅमस पोळीत गुंडाळला आणि खाऊन टाकला. माझा घास तोंडातच होता. तो थॅलॅमस होता की त्याचा कोणी शेजारी, हे मला अजून माहीत नाही. मी मराठी शिकवतो.

मॅडमची आणि माझी ओळख नोकरीतली, पण शेजार त्याहून जवळचा. गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्राच्या, मी मराठीचा, आणि दोघांची क्वार्टरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. मॅडम अंगानं काडी, सुती पातळ, चालणं असं की मागून कोणी हाक मारली तर हाकच मागे राहायची. खांद्याला एक पर्स. बायकांच्या पर्समध्ये जे असतं असं आपण समजतो त्यातलं तिच्यात काहीही नसायचं. एक भिंग, एक चिमटा आणि सुया खोचलेलं एक बूच. एकदा स्टाफरूममध्ये प्राचार्यांच्या बोटात बाकाच्या लाकडाची फास गेली. मॅडमनी ती हलक्या हातानं काढली आणि मग ते बोट भिंगाखाली धरून इतका वेळ पाहत बसल्या, की शेवटी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, बोट माझं आहे. परत द्या."

आता त्या थॅलॅमसचं सांगायला हवं, नाहीतर मॅडम कळायच्या नाहीत. भिंतीपलीकडून मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो. मेंदूच्या पार खोल, वरच्या सगळ्या वळ्यांच्या खाली, मधोमध दोन शेजारी राहतात. वरचा थॅलॅमस. हा टपालखात्यातला माणूस. डोळ्यांना काही दिसलं, कानांना ऐकू आलं, बोटाला चटका बसला, की ती पत्रं आधी याच्याकडे येतात आणि हा शिक्का मारून वर पाठवतो. खालचा हायपोथॅलॅमस. आकारानं एखाद्या बदामाएवढा, पण घरातला कारभारी तोच. भूक कधी लागायची, लागलेली कधी भागायची, तहान, झोप, अंगाची ऊब, सगळं याच्या हातात. पुस्तकातल्या चित्रात वरचा निळा असतो, खालचा गुलाबी असतो आणि दोघांच्या मधे एक छान तुटक रेघ असते.

मॅडमचं म्हणणं एवढंच, की ती रेघ नाही.

"एक नाली आहे, मान्य," त्या सांगायच्या. "बारीकशी. पन नाली म्हंजे सीमा नोहे. नालीच्या खालून इकडच्या पेशी तिकडं, तिकडच्या इकडं. मधात तं असा पट्टा आहे का धड याचा नाई, धड त्याचा नाई. रेघ मानसानं मारली, सर. बकरीले इचारलं का?"

"बकरीले इचारलं का?" हे मॅडमचं ब्रीद होतं. ते थॅलॅमसपुरतं राहिलं असतं तर हरकत नव्हती. पण एका बैठकीत प्राचार्यांनी नवं वेळापत्रक जाहीर केलं आणि मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "बकरीले इचारलं का?" प्राचार्य नवे होते. त्यांनी खरंच दाराकडे पाहिलं. योगायोगानं तिथं एक बकरी उभी होती. आमच्या कॉलेजला कंपाउंड होतं, फाटक नव्हतं. ते वेळापत्रक पुढे कधीच लागू झालं नाही. कारण काय, ते प्राचार्यांनी कोणाला सांगितलं नाही.

तो मधला पट्टा म्हणजे तर मॅडमचा लाडका. त्याचं शास्त्रीय नाव झोना इन्सर्टा. 'काही नक्की सांगता येत नाही असा पट्टा' असा त्याचा सरळ अर्थ. "पाहा," त्या म्हणायच्या, "एवढा मोठा शास्त्रज्ञ. त्यानं पाह्यलं, त्याले समजलं नाई. लपवलं नाई त्यानं! नावच ठेवून देलं, मले माहीत नाई म्हनून. आमच्या डिपार्टमेंटात असा एक तरी मानूस आहे का?" डिपार्टमेंटात मॅडम धरून दोनच माणसं होती. त्यामुळे दुसरे, भांडेकर सर, उठून पाणी प्यायला जायचे.

रविवारी सकाळी रशीदभाईच्या दुकानापुढे गर्दी असायची. मॅडम रांगेत दिसल्या की रशीदभाई आतल्या माणसाला ओरडायचे, "अरे, मॅडम का भेजा निकाल!" नवं गिऱ्हाईक दचकून मागे वळायचं. मॅडम अगदी शांतपणे पुढे होऊन सांगायच्या, "साबूत निकालना भाई. पिछली बार का फटा हुआ था." परीक्षेचे दिवस सोडले तर भेजा मिळाला की त्याचे दोन भाग. एक भाग फॉर्मॅलीनच्या बरणीत, विज्ञानासाठी. दुसरा शोभाकडे, मसाल्यासाठी.

फळ्यावर मेंदू काढताना त्या खडू आडवा धरायच्या आणि मग तळहातानं पुसून निळा रंग गुलाबीत मिसळायच्या. कडा कुठेच नाहीत. पोरांनीही वह्यांत तसंच, अंगठ्यानं पुसून, काढायचं. मार्च महिन्यात प्राणिशास्त्राचा विद्यार्थी ओळखायला ओळखपत्र लागायचं नाही. ज्याचा अंगठा जांभळा, तो मॅडमचा.

गावात मात्र या सगळ्याचा भलताच बोलबाला झाला होता. मॅडमना सीमेतलं फार कळतं, असं कोणीतरी पसरवलं. एकदा दोन सख्खे भाऊ धानाच्या बांधीवरून भांडत भांडत थेट कॉलेजात आले. मधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोणाचा, याचा निवाडा मॅडमनी करायचा होता. मॅडमना अतिशय आनंद झाला. त्यांनी दोघांना प्रयोगशाळेत नेलं, बरणी उघडली, बशीत भेजा ठेवला आणि दोघांच्या हातात एकेक सुई दिली. थोड्या वेळानं ते दोघे भाऊ एकमेकांना आधार देत पायऱ्या उतरताना मी पाहिले. भांडायची इच्छा दोघांचीही गेली होती. जेवायचीही.

पण मॅडमचा खरा पराक्रम प्रात्यक्षिक परीक्षेतला. नागपूरहून बाह्य परीक्षक आले होते. कडक इस्त्री, कडक मिशा. त्यांनी एटापल्लीकडच्या वंदना गेडाम नावाच्या मुलीपुढे बकरीच्या मेंदूचा अर्धा भाग ठेवला आणि विचारलं, "हायपोथॅलॅमसची वरची सीमा दाखव."

"नाही दाखवता येत, सर."

"अभ्यास केला नाहीस?"

"केला ना, सर. म्हणूनच."

परीक्षकांच्या मिशा थरथरल्या. मॅडम कोपऱ्यातून लगबगीनं आल्या. "सर, तुमी दाखवा ना. पोरगी शिकून घेईन."

परीक्षकांनी तोऱ्यात एक टाचणी खोचली. मॅडमनी त्यांना चहा पाजला, मिशांची स्तुती केली आणि आणखी एक अर्धा मेंदू पुढे ठेवला. "इथी पन दाखवून द्या जी." परीक्षकांनी इथेही टाचणी खोचली. मग मॅडमनी दोन्ही अर्धे एकमेकांशेजारी ठेवले. एक टाचणी थॅलॅमसच्या पोटात होती, दुसरी हायपोथॅलॅमसच्या बुडाशी.

"बकरी एकच आहे, सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "तिचंच डावं अन् तिचंच उजवं."

परीक्षकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, भिंग मागितलं आणि उरलेला सगळा दिवस ते त्या दोन तुकड्यांवर वाकून बसले. बाकीच्या पोरांना कोणी काही विचारलंच नाही. त्या वर्षी आमचा निकाल उत्तम लागला.

मॅडमच्या घरात आणखी एक माणूस होता. बाबू, त्यांचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडलेला, अंगानं मॅडमच्या चौपट, आवाज मात्र लहान पोरासारखा गोड. लहानपणी त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं, एवढं आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर तो ओसरीवर खाटेवर बसायचा, अधूनमधून बसल्या बसल्या झोपायचा, आणि जागा असला की आळीतल्या सगळ्या चुलींची बातमी द्यायचा.

"वासेकर भाऊ, आज तुमच्याइथी वांगे. जिरं जळलं."

"नाही जळलं!" शोभा आतून ओरडायची. जिरं जळलेलं असायचं.

बाबूची भूक कधी भागायची नाही. ताट संपवून उठला की त्याला तेवढीच भूक असायची जेवढी बसताना होती. म्हणून मॅडमच्या स्वयंपाकघराला कुलूप असायचं. ते कुलूप पाहून आळीत नव्यानं आलेल्या बायका हळहळायच्या. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "सख्ख्या भावाले उपाशी ठेवता का हो, मॅडम?" मॅडमच्या आधी बाबूच म्हणाला, "कुलूप मीच सांगतलं लावाले, काकू. बाई रडते ना मंग." मोठ्या बहिणीला तो बाई म्हणायचा. घरी मॅडम त्याच्याच मापाचं, त्याच्यासोबत, त्याच्याएवढंच जेवायच्या. पोटभर जेवायच्या त्या फक्त आमच्याकडे, रविवारी. भेज्याच्या निमित्तानं.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजनं शाल दिली, नारळ दिला. प्राचार्यांनी भाषणात त्यांना 'आपल्या महाविद्यालयाचा मेंदू' म्हटलं. मागून कोणीतरी "साबूत?" असं विचारलं आणि सगळं सभागृह हसलं. शेवटी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता पुढे काय? काशीयात्रा?"

"नागपूरले जाचं आहे," मॅडम म्हणाल्या. "एका मानसाले भेटाचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या ओसरीवर आल्या. मी सोबत चलावं, अशी त्यांची इच्छा होती. बाबूला एकटं ठेवता येत नव्हतं, आणि बाबू आणि बसस्टँडवरची खाऊची दुकानं या दोन्ही गोष्टी एकटीला सांभाळणं शक्य नव्हतं.

"पण भेटायचं कोणाला?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील आलापल्लीला सागवानाच्या डेपोत होते. बाबू शाळेत जायला लागला तसं त्याचं डोकं दुखायला लागलं, मग एक हात ऐकेना. नागपूरला नेलं. डोक्यात पार खोल गाठ होती. डॉक्टर तरुण होते, मोठ्या नावाचे. त्यांनी टेबलाच्या काचेवर बोटानं एक रेघ ओढली आणि वडलांना म्हणाले, गाठ या रेघेच्या वर आहे, खालच्या भागाला धक्का लागणार नाही. शाळकरी मंदा, म्हणजे मॅडम, वडलांचा सदरा धरून उभी होती. ते बोट तिनं पाहिलं. गाठ निघाली. बाबू वाचला, हातही सुधारला. पण घरी आल्यावर तो जेवायला बसला आणि उठेचना.

"बाबा मरेपर्यंत एकच म्हनत, त्या डॉक्टरनं रेघ ओलांडली," मॅडम म्हणाल्या. "मी म्हनलं, मी रेघ शोधीन. मंग त्या डॉक्टरले नेऊन दाखवीन, का हे पाहा, इथी होती. म्हनून तं झूऑलॉजी घेतलं."

"मग?"

"मंग काय. सापडलीच नाई." छत्री हरवल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "रशीदभाईच्या किती बकऱ्या गेल्या असतीन. आता नोकरी संपली, शोधनंही संपलं. वंदना तिकडं नोकरीवर आहे, ते सांगत होती का डॉक्टर आहेत, म्हातारे झाले, कुठी जात नाईत. त्यायले सांगाले पाह्यजे ना कोनीतरी."

शोभा दारात उभी होती. ती आत गेली आणि माझी पिशवी भरायला लागली. मी येतो असं मी अजून म्हणालोही नव्हतो.

आम्ही निघालो ते असे: पुढे मॅडम, छातीशी स्टीलचा डबा, डब्याला कुलूप. मागे बाबू, नवा सदरा घालून. त्याच्या मागे मी. डब्यात फॉर्मॅलीनमध्ये मुरलेला, मधोमध चिरलेला, मॅडमच्या मते अख्ख्या जिल्ह्यातला सर्वांत सुंदर भेजा होता.

"कुलूप बाबूसाठी का?" मी कानात विचारलं.

"नाई हो. बाबूले फॉर्मॅलीनचा वास नाई चालत. कुलूप इतर लोकायसाठी."

इतर लोक लगेच नाक्यावर भेटले. तपासणीसाठी बस थांबली, एक शिपाई चढला आणि वास घेत घेत थेट आमच्या सीटपाशी आला.

"डब्ब्यात काय आहे जी?"

"भेजा," मॅडम म्हणाल्या.

"कोनाचा?"

"बकरीचा."

"खाचा आहे?"

"पाह्यचा आहे."

शिपायानं डबा उघडायला लावला. आत पाहिलं, डबा लांब धरला, पुन्हा पाहिलं. "कुठी नेऊन राह्यले?"

"नागपूरले."

"काऊन? नागपूरले भेजा भेटत नाई?"

"भेटते ना. पन हा डॉक्टरले दाखवाचा आहे."

शिपाई गंभीर झाला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "काय झालतं बकरीले?"

बाबू हसायला लागला. तो हसला की सीट हलायची, सीट हलली की पुढची सीट हलायची. बघता बघता अर्धी बस हसायला लागली, ड्रायव्हर हसला, शिपाईही हसला आणि डबा परत देताना म्हणाला, "बरी होऊन जाईन, बाई. नका काळजी करू."

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर माझी खरी कसोटी होती. मॅडमनी आधीच बजावलं होतं की खिडकीकडे मी बसायचं. मी बसलो. बाबूनं डोळे गच्च मिटले.

"भाऊ, डाव्या हाताले समोसे आहेत. पलीकडं आलुबोंडे. तेल जुनं आहे."

"पाहू नको, बाबू."

"पाहून नाई राह्यलो. वास येऊन राह्यला. माझा हात धरून ठेवा जी."

मी त्याचा हात धरला. तेवढ्यात टोपलीवाला बसमध्येच चढला. मी उठून वाटेत मोकळा हात पसरून उभा राहिलो. त्याला वाटलं मला सगळेच समोसे हवेत, तो मोजायलाच लागला. "नाई पाह्यजे!" मी ओरडलो. "एकबी नाई पाह्यजे! उतरा!" माझी भाषाच बदलली होती. कंडक्टर मागून म्हणाला, "ओ गुर्जी, नाई खाचे तं नका खाऊ, बिचाऱ्याच्या पोटावर काऊन पाय देता?" मी घामाघूम होऊन खाली बसलो. बाबूनं तोवर माझा हात सोडला नव्हता. हात दुखत होता, पण माझा जास्त दुखतोय की त्याचा, ते सांगणं अवघड होतं.

वंदनेनं सांगितलेल्या खुणेवर आम्ही पोचलो. जुना बंगला, समोर कढीपत्त्याचं झाड. दार उघडायला ते स्वतःच आले. उंच, वाकलेले, बंडीवर पांढरा सदरा.

"मी मंदा लोणबले," मॅडम म्हणाल्या. "आलापल्लीची. तुमाले याद नसन..."

म्हाताऱ्यांनी मॅडमकडे पाहिलं नाही. ते त्यांच्या मागे पाहत होते. दाराच्या चौकटीला हात टेकून ते म्हणाले, "सुधाकर."

बाबूचं नाव सुधाकर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांच्या शेजारात मी कधी विचारलं नव्हतं.

"नमस्कार जी," बाबू म्हणाला.

आम्ही आत बसलो. मग डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याल असं मला वाटायचं. सुरुवातीला रोज वाटायचं. बोला, जे बोलायचं असेल ते. मी ऐकतो."

मॅडमनी डबा टेबलावर ठेवला, कुलूप काढलं, भेज्याचा अर्धा भाग झाकणात काढला, पर्समधून भिंग काढलं, बुचातली सुई उपसली आणि दोन्ही वस्तू म्हाताऱ्यांच्या हातात दिल्या. ते गोंधळले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गोंधळलो असतो.

"डॉक्टरसाहेब, रेघ दाखवा."

म्हातारे टेबलावर वाकले. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात सुई. सुईचं टोक त्या नालीपाशी आलं, थोडं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर. बाबूनं हात पुढे करून भिंग धरलं, म्हणजे त्यांना एकच हात सांभाळावा लागेल. बऱ्याच वेळानं त्यांनी सुई झाकणाच्या कडेवर ठेवली.

"नाही दाखवता येत."

"मलेबी नाई," मॅडम म्हणाल्या. "सारी नोकरी यातच गेली माझी. नाईच आहे ते. आमचे बाबा म्हनत, तुमी ओलांडली. आता जे नाईच, ते कोन ओलांडन?" त्यांनी भेजा डब्यात परत ठेवला, कुलूप लावलं, भिंग आणि सुई पर्समध्ये टाकली आणि उभ्या राहिल्या. "एवढंच सांगाचं होतं. चला सर, दुपारची गाडी भेटन."

खरंच उभ्या राहिल्या. गडचिरोलीहून नागपूर, आणि एवढंच. मी पण उठलो, बाबूही उठला. लग्नघरातून अहेर देऊन निघावं तशी आमची वरात दाराकडे वळली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "तेव्हापासून मी कोणत्याही आईबापाला रेघ काढून दाखवली नाही." मग बाबूकडे बघून त्यांनी विचारलं, "पाणी किती पितो तो?"

मॅडम वळल्या.

"दिवसा झोपतो? बसल्या बसल्या? उन्हाळ्यात अंग तापतं का, ताप नसताना? आणि थंडीत? हात-पाय गार पडत असतील. गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळतं? तुम्ही एकट्याच?"

मॅडम परत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "उन्हाळ्यात लय त्रास होते, साहेब. मी ओला पंचा ठेवते अंगावर."

मी बाबूला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आलो. तिथं एक बाक होता. बाबू जरा वेळ कढीपत्त्याचा वास घेत बसला आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. आतून मॅडमचा आवाज येत होता. त्यात थॅलॅमस नव्हता, बकरी नव्हती. थंडीत त्याच्या पायांना तेल कसं चोळते, सणावारी आळीत पुरणाचा वास सुटला की त्याला घेऊन रानाकडे फिरायला कशी जाते, गोळ्या संपल्या आणि पुरानं रस्ता बंद होता तेव्हा काय झालं होतं, आपल्यानंतर याचं काय, असं सगळं. मधेच म्हाताऱ्यांचा एखादा प्रश्न, की मॅडम पुन्हा सुरू. जन्मभर लोकांना प्रश्न विचारत फिरलेली बाई उत्तरं देत होती आणि ती संपत नव्हती.

गाडीची वेळ झाली. बाबूचं डोकं बाकाच्या पाठीला टेकवून मी आठवण द्यायला उठलो, आणि दारातून आत पाहिलं. मॅडमनी पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली होती. पदर खांद्यावरून घसरला होता, तो त्यांच्या ध्यानात नव्हता. एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातानं त्या डोळे पुसत होत्या आणि बोलत होत्या, माहेरी पोचलेली बाई बोलते तशा.

मी तसाच मागे फिरलो. बाबू जागा झाला होता.

"गाडी गेली का, भाऊ?"

"गेली," मी म्हणालो. "दुसरी आहे."